आजच्यापुरतं

तिसरी नळी भरेपर्यंत वोइत्तो
साइलाला बर्फाबद्दल सांगत राहतो.
बत्तीस हिवाळे तो समुद्रावरच्या रस्त्याचा राखणदार होता,
आमच्या हाइलुओतो बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
अंधारातच गिरमिट खांद्यावर टाकून निघायचा,
ठरल्या खुणेवर भोक, भोकात पट्टी, पट्टीवरचा आकडा वहीत,
आणि मग फळ्यावर खडूनं :
आज दोन टन. आज तीन.

साइला सुई काढते. कापूस दाबून धरा, म्हणते.
धरायला डावा हात उशिरानं येतो.
नोव्हेंबरातल्या झटक्यापासून तो हात
पाहुण्यासारखा वागतो घरात.

यंत्र गरगरतं. लाल तळाशी बसतं.
वर उरते ताकाच्या निवळीसारखी पिवळट निवळ.
तिच्यात म्हणे मेंदूतल्या तंतूंचा चुरा सापडतो,
झटक्यात तुटलेल्यांचा,
आणि त्यानंतरही गुपचूप झडत असलेल्यांचा.
सुतारानं दार लावून घेतलं
तरी फटीतून भुसा बाहेर येतोच,
तेवढाच मागमूस.
पिकोग्रॅममध्ये मोजतात.
हा शब्द मी घरी दोनदा म्हणून पाहिला.
एखाद्या पाखराचं नाव असावं असा आहे.

माझीही मोजणी चालू असते.
मंगळवारी कॉफीच्या डब्यात किल्ली सापडली.
गुरुवारी म्हणाला, एल्सीला फोन लाव.
एल्सी जाऊन चार वर्षं झाली.
मी म्हटलं, उचलत नाहीये.
हे मी कुणाच्याच अभ्यासात नोंदवलेलं नाही.

मग घड्याळाची परीक्षा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.
त्यानं गोल काढला, सुरेख, गिरमिटानं पाडावा तसा,
आणि बाराही आकडे एकाच बाजूला
मेंढरांसारखे दाटीवाटीनं उभे केले.
साइलानं कागद उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर मी तिला गाठलंच.
कुठं पाणी मुरतंय ते तुम्हाला कळतं ना? मग सांगा.
ती म्हणाली, नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक.
आणि आकडा हातात आला तरी
एका माणसाचं भाकीत त्यातून अजून करता येत नाही.
चारशे माणसांचं करता येईल, कदाचित.
चारशे माणसं.
म्हणजे कुणी ना कुणी चारशे घरांत
डब्यांची झाकणं उघडून बघत असणार.

परत बोटीनं निघालो.
यंदा बर्फानं धरच धरला नाही, रस्ता उघडलाच नाही.
कठड्याशी उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं,
सांगावं की नाही हे न ठरवताच.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता.

मला विचारायचे, म्हणाला, कधी फुटेल?
मी कधीच सांगितलं नाही.
फळ्यावर फक्त आजच्यापुरतं लिहायचो.

मग, हवेबद्दल बोलावं इतक्या सहज :
एकदा खोटं लिहिलं.
तू बेटावर अडली होतीस, दोन रात्री.
सुईणबाईंची गाडी दीड टनाची.
पट्टी एकच टन म्हणत होती.
मी दोन लिहिले
आणि गिरमिट घेऊन गाडीपुढं चालत आलो.

एकेचाळीस वर्षांत त्यानं हे मला सांगितलं नव्हतं.
त्या रात्री सुईणबाई वेळेवर पोचल्या एवढंच मला ठाऊक.
हे खरंच घडलं होतं,
की तुटल्या तंतूंनी आपसांत गाठी मारून
नवंच काही विणलं,
कुठल्या नळीत कळेल ते?

बोट हळू झाली. धक्क्यावरचे दिवे दिसू लागले.
किल्ली कुठे आहे, त्यानं विचारलं.
माझ्याकडे आहे, मी म्हटलं,
आणि त्याचा डावा हात हातात घेतला,
पाहुण्याचा घ्यावा तसा, जरा संकोचून.